डायल-अप इंटरनेट आणि ग्रामीण महाराष्ट्र : वारणा खोरे व मराठवाडा यांच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना-मंठा मार्गावरील गाव. वाटूर फाट्यावरून परतूरकडे, मंठ्याकडे आणि जालन्याकडे जाणारी वाहतूक सतत चालू असते. आज या फाट्यावर उभा असलेला विद्यार्थी एस.टी.ची वाट पाहता पाहता भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहतो आणि त्याला त्यात काहीही नवल वाटत नाही. परंतु याच परिसरातील वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पिढीला एक अर्ज भरण्यासाठी, परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी किंवा दोन ओळींचा ई-मेल पाठविण्यासाठी तालुक्याचे अथवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागत असे. तेथे पोहोचल्यानंतरही टेलिफोनची लाइन मिळेल, मॉडेम जोडला जाईल आणि काम पूर्ण होईपर्यंत वीज टिकेल याची शाश्वती नसे.

इंटरनेटचा भारतीय इतिहास बहुधा मुंबई, बंगळूर, पुणे या शहरांचा आणि तेथील उद्योगांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ग्रामीण भागाचा उल्लेख आलाच तर तो 'मागासलेपणा' किंवा 'डिजिटल दरी' अशा एका शब्दात आटोपला जातो. मात्र संथ इंटरनेटच्या काळात ग्रामीण समाज केवळ वाट पाहत बसला होता असे नाही. त्याने त्या मंद गतीशी जुळवून घेण्याच्या काही पद्धती निर्माण केल्या, काही संस्था उभ्या केल्या आणि त्यासाठी काही किंमतही मोजली. या प्रक्रियेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे व संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. १) डायल-अप इंटरनेट ग्रामीण भागात मंद का राहिले याची तांत्रिक व धोरणात्मक कारणे तपासणे. २) मंद गतीशी जुळवून घेण्याच्या ग्रामीण पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करणे. ३) वारणा खोऱ्यातील 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाच्या आधारे या मंद गतीचा भार समाजातील कोणावर किती पडला याचा विचार करणे. अभ्यासाचा कालखंड प्रामुख्याने १९९५ ते २०१० असा मर्यादित ठेवला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित अहवाल, धोरणविषयक माहिती व यापूर्वीचे अभ्यास या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. तांत्रिक व धोरणात्मक पार्श्वभूमी :

भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठी 'अर्नेट' हे संगणकजाळे १९८६ पासून विकसित होत होते. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. प्रारंभी ती मोजक्या महानगरांपुरती मर्यादित होती. सुरुवातीच्या जोडणीचा वेग ९.६ किलोबिट प्रतिसेकंद इतका होता आणि चित्रांसह संकेतस्थळे पाहता येतील अशा वैयक्तिक खात्याचे वार्षिक शुल्क पंधरा हजार रुपयांच्या घरात होते. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खाते उपलब्ध होते, पण त्यावर केवळ मजकूर दिसत असे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा पुरविण्याची मुभा मिळाली, १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आले आणि ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम लिमिटेडचे कामकाज सुरू झाले. त्यानंतरच इंटरनेटचे जाळे जिल्हा व तालुका पातळीकडे सरकू लागले.

डायल-अप म्हणजे मुळात बोलण्यासाठी टाकलेल्या तांब्याच्या तारेवरून संगणकाची माहिती वाहून नेणे होय. टेलिफोनची वाहिनी मानवी आवाजासाठी साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंप्रतापट्टा राखून ठेवते. मॉडेम संगणकातील अंकीय माहितीचे ध्वनिसंकेतात रूपांतर करून ती याच अरुंद पट्ट्यातून पाठवितो. १९९८ च्या व्ही.९० या मानकानुसार माहिती उतरवून घेण्याचा कमाल वेग ५६ किलोबिट प्रतिसेकंद मानला गेला, तर माहिती पाठविण्याचा वेग ३३.६ किलोबिटच राहिला. हा वेग मिळण्यासाठी ग्राहकापासून टेलिफोन केंद्रापर्यंतची तार लहान, निर्दोष व खरखररहित असणे आवश्यक होते. ग्रामीण भागात नेमकी याच्या उलट स्थिती होती. तारा लांबवर गेलेल्या, जोडांमध्ये पावसाचे पाणी शिरलेले, रस्त्याच्या कामात केबल तुटलेली. अशा लाइनवर मॉडेम आपोआप कमी वेगावर उतरत असे आणि खरखर वाढली की जोडणीच तुटत असे.

ग्रामीण दूरध्वनीच्या विस्ताराचा इतिहासही येथे लक्षात घेतला पाहिजे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण स्वयंचलित केंद्र विकसित केले. धूळ, उकाडा व अनियमित वीज सहन करणाऱ्या या केंद्रामुळे खेड्यात आवाज पोहोचला. अनेक गावांतील सार्वजनिक टेलिफोन 'मार' या रेडिओ तंत्रावर चालत होते. हे तंत्र बोलण्यापुरतेच होते आणि संगणकीय माहितीच्या वहनासाठी ते निरुपयोगी होते. त्यामुळे सरकारी नोंदीत 'टेलिफोन असलेले गाव' आणि प्रत्यक्षात 'इंटरनेट जोडता येईल असे गाव' यांत मोठे अंतर राहिले. याशिवाय प्रारंभीच्या काळात इंटरनेटचे प्रवेशकेंद्र केवळ मोठ्या शहरात असल्याने ग्रामीण ग्राहकाला एसटीडीच्या दराने जोडणी घ्यावी लागे. पुढे १७२ ने सुरू होणारे विशेष क्रमांक स्थानिक दराने उपलब्ध झाल्यावर हा बोजा कमी झाला. तोपर्यंत शहरातील ग्राहकापेक्षा खेड्यातील ग्राहक अधिक पैसे देऊन अधिक मंद सेवा घेत होता.

२. मंद गतीचा हिशेब व त्यावरील ग्रामीण मार्ग :

मंद गती म्हणजे नेमके काय याची कल्पना येण्यासाठी साधा हिशेब उपयोगी पडतो. शंभर किलोबाइटचे एक संकेतपृष्ठ ९.६ किलोबिटच्या जोडणीवर उतरण्यास सुमारे ८३ सेकंद, तर ३३.६ किलोबिटच्या जोडणीवर सुमारे २४ सेकंद लागतात. हा झाला आदर्श वेग. प्रत्यक्षात लागणारा वेळ याहून बराच अधिक असे. एक फ्लॉपी भरेल एवढी माहिती उतरण्यास सहा मिनिटे, तर साडेसहाशे मेगाबाइटची एक सीडी भरण्यास सुमारे ४३ तास लागले असते. तेवढीच सीडी खिशात घालून एस.टी.ने जालन्याहून परतूरला आणण्यास काही तास पुरेसे होते. म्हणूनच मोठी माहिती इंटरनेटवरून न आणता संगणकविषयक मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडीवरून, मित्राच्या फ्लॉपीवरून आणि पुढे पेन ड्राइव्हवरून आणण्याची रीत रूढ झाली. त्या परिस्थितीत ती सर्वाधिक वेगवान वाहिनी होती आणि तिचा अवलंब करणाऱ्यांचा हिशेब अचूक होता.

जोडणीवर असताना प्रत्येक मिनिटाचा दुहेरी खर्च होई. एक इंटरनेटच्या तासांचा व दुसरा टेलिफोनच्या कॉलचा. यातून वापराची एक काटकसरीची शिस्त तयार झाली. पत्राचा मजकूर आधी लिहून ठेवायचा, मगच लाइन जोडायची, पाठवायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि लगेच लाइन तोडून निवांत वाचायचे. संकेतपृष्ठावरील चित्रे बंद ठेवायची. आवश्यक पृष्ठे संगणकावर साठवून नंतर छापून घ्यायची. लाइन तुटली तरी उतरलेला भाग वाया जाऊ नये म्हणून खंडित झालेली फाइल पुढे चालू करणारी साधने वापरायची. टेलिफोनची वर्दळ कमी असलेल्या रात्रीच्या किंवा पहाटेच्या वेळी काम उरकायचे. घरातील टेलिफोन त्या वेळात बंद राहणार असल्याने घरच्यांची संमती घेणे हाही या शिस्तीचाच भाग होता. विजेच्या भारनियमनाने या वेळापत्रकावर आणखी एक बंधन आणले. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा तासांपर्यंत भारनियमन होत असे. लाइन, वीज व संगणक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उपलब्ध असण्याचा काळ म्हणजेच ग्रामीण इंटरनेटचा काळ होता.

या पद्धती आकाशातून पडलेल्या नाहीत. शब्दांवर आकार असलेल्या तारेमुळे ग्रामीण समाज थोडक्यात मजकूर लिहिण्यास शिकला होता. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास थांबण्याची त्याला सवय होती. पोस्टमनकडून पत्र वाचून घेणे व मनीऑर्डरचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणे हे त्याच्या नित्य व्यवहाराचे अंग होते. एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोलीत लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलणे त्याने आत्मसात केले होते. मिस्ड कॉलचा विनामूल्य संकेत हा याच परंपरेतील पुढचा टप्पा होय. डायल-अपच्या काळात टंकलेखन संस्था, झेरॉक्सचे दुकान किंवा पीसीओ चालविणारा तरुण हा पोस्टमनचा वारसदार ठरला. लोक संगणकासमोर क्वचितच बसत. ते या मध्यस्थासमोर बसत आणि मध्यस्थ संगणकासमोर बसे.

दहावी-बारावीचे निकाल संकेतस्थळावर जाहीर होऊ लागल्यानंतर या मध्यस्थाचे स्थान अधिक दृढ झाले. निकालाच्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच संकेतस्थळाकडे वळत आणि संथ लाइन आणखी संथ होई. अशा वेळी बैठक क्रमांकांची यादी कागदावर घेऊन लाइन मिळताच एकामागून एक निकाल पाहणे व ते हाताने लिहून देणे ही पद्धत सोयीची होती. एका जोडणीत अनेकांचे काम करणे हेच तिचे सूत्र होते.

महाराष्ट्रातील संगणक साक्षरतेच्या प्रसारातही हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. अभ्याससामग्री प्रशिक्षण केंद्रातील संगणकांवरच ठेवून जोडणीची गरज नोंदणी, परीक्षा यांसारख्या कामांपुरती सीमित ठेवल्यामुळे मंद लाइन असलेल्या गावातही शिकविणे शक्य झाले. संपूर्ण अभ्यासक्रम सतत जोडणीवर अवलंबून ठेवला असता तर तो ग्रामीण महाराष्ट्रात इतका पसरला असता असे म्हणता येत नाही.

३. मराठी लिपीवरील अधिभार :

मंद गतीचा भार सर्व भाषांवर सारखा नव्हता, हा मुद्दा आजवर फारसा विचारात घेतला गेलेला नाही. डायल-अपच्या प्रारंभीच्या काळात मराठी मजकुरासाठी सर्वमान्य संकेतप्रणाली प्रचारात नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले असले तरी ग्रामीण भागात सर्रास वापरल्या जाणाऱ्या विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोड नीट दिसत नसे. त्यामुळे निरनिराळ्या मराठी संकेतस्थळांचे फॉन्ट निरनिराळे असत व वाचकाला आधी तो फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो न मिळाल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. काही संकेतस्थळे या अडचणीवर उपाय म्हणून मजकुराचे चित्रच ठेवीत. परंतु तेवढ्याच मजकुराचे चित्र हे मजकुरापेक्षा कितीतरी जड असते.

युनिकोडच्या प्रसाराने ही समस्या बव्हंशी सुटली, पण पूर्णतः नाही. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. लघुसंदेशातही रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७० चिन्हेच बसतात. शहरातील वेगवान जोडणीवर हा फरक जाणवणार नाही. मिनिटावर पैसे मोजणाऱ्या ग्रामीण वाचकाला मात्र मराठीत वाचणे व लिहिणे इंग्रजीपेक्षा महाग पडत होते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची जी सवय या काळात जडली तिच्याकडे केवळ भाषिक अनास्थेचे लक्षण म्हणून पाहणे अन्यायकारक ठरेल. तिच्यामागे कळफलक, फॉन्ट व खर्च यांचा व्यवहारी विचार होता.

४. वारणा खोऱ्यातील प्रयोग :

ग्रामीण महाराष्ट्रातील संथ इंटरनेटचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रयोग वारणा खोऱ्यात झाला. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती दूध संघ, बँक, ग्राहक भांडार व शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले गेले. १९९८ मध्ये पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन व वारणेतील सहकारी-शैक्षणिक संस्था यांनी तो राबविला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात अंतर्भूत होती. अडीच कोटी रुपयांच्या आसपासच्या खर्चापैकी निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने व उर्वरित १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलला.

प्रकल्पाची मूळ कल्पना व्यापक होती. गावातील माहिती केंद्रात शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शासकीय योजना व शिक्षण या सर्व गोष्टी मराठीत मिळाव्यात असे योजिले होते. प्रत्यक्षात पुढील अभ्यासांतून वेगळे चित्र समोर आले. गावातील संगणकांचा मुख्य उपयोग इंटरनेट पाहण्यासाठी होत नव्हता. तो कारखाना व ऊस उत्पादक यांच्यातील व्यवहारासाठी होत होता.

याचे कारण उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला गेला नाही तर त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो. म्हणून लागण किंवा खोडव्याची नोंद कोणत्या तारखेला झाली, तोडणीचा क्रम केव्हा येणार, चिठ्ठी कधी निघणार, काट्यावर वजन किती भरले, खताची उचल किती झाली आणि बिलातून काय वजा झाले, हे प्रश्न शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी निगडित असतात. पूर्वी यासाठी त्याला कारखान्याच्या शेतकी विभागात खेटे घालावे लागत. गावातील संगणकावर ही माहिती आल्याने त्याची पायपीट वाचली. हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

मंद वाहिनीच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. ऊस नोंद, वजन, खताची मागणी हा मजकूर आकड्यांचा व मोजक्या ओळींचा असतो. तो गावातील संगणकावर साठवून लाइन मिळेल तेव्हा टेलिफोनवरून एकत्रितपणे कारखान्याकडे पाठविता येतो व तिकडील माहिती आणता येते. त्यासाठी सतत व वेगवान जोडणीची गरज नसते. ज्या सेवांना मोठी पृष्ठे व तात्काळ प्रतिसाद हवा होता त्या मागे पडल्या. जी सेवा अरुंद वाहिनीत मावली व जिच्यामागे दैनंदिन गरज होती ती टिकली.

याच काळात अन्यत्रही असाच अनुभव येत होता. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानदूत' प्रकल्पाची केंद्रे डायल-अप लाइनवर चालत होती व तेथे जोडणीचा भरवसा नसणे हीच मोठी तक्रार होती. जून २००० मध्ये त्याच राज्यात सोयाबीन उत्पादकांसाठी सुरू झालेल्या 'ई-चौपाल' उपक्रमाला टेलिफोन लाइन अपुऱ्या पडल्याने उपग्रहाधारित व्हीसॅट यंत्रणेकडे वळावे लागले. मोठ्या उद्योगसमूहाला तो खर्च पेलवला. ग्रामपंचायत किंवा गावातील होतकरू तरुण यांना तो पेलवणारा नव्हता.

५. संगणकाकडून लघुसंदेशाकडे :

२००५ च्या सुमारास वारणेतील संगणक जुने झाले होते. त्यांची दुरुस्ती, वीज व टेलिफोनची देयके यांचा बोजा वाढला होता. या टप्प्यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी तेथे 'वारणा अनवायर्ड' या नावाने ओळखला जाणारा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात गावातील संगणकाच्या जागी भ्रमणध्वनी आला आणि माहितीची देवाणघेवाण लघुसंदेशाद्वारे होऊ लागली. जुन्या संगणकीय व्यवस्थेची सर्व कामे या पद्धतीने पार पडली. ती कमी खर्चाची, अधिक सोयीची व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेली ठरली, असे त्यांच्या अभ्यासात नोंदविले आहे.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. लघुसंदेश हा डायल-अपपेक्षाही अरुंद मार्ग आहे. म्हणजेच गाव अधिक रुंद वाहिनीकडे न जाता अधिक अरुंद, परंतु अधिक भरवशाच्या वाहिनीकडे गेले. भ्रमणध्वनीची बॅटरी भारनियमनात चालते, त्याला तांब्याची तार लागत नाही आणि संदेश एकदा पाठविला की लाइन धरून बसावे लागत नाही. वेगापेक्षा खात्री श्रेष्ठ हा ग्रामीण अनुभवाचा निष्कर्ष येथे प्रयोगाने सिद्ध झाला. विकासाच्या प्रचलित कथनात प्रत्येक पुढचा टप्पा हा अधिक वेगाचा असतो. वारणेचे उदाहरण या समजाला छेद देते.

६. मराठवाड्याच्या बाजूने पाहता :

वारणेच्या यशाचे मूल्यमापन करताना तेथे आधीपासून अस्तित्वात असलेली संस्थात्मक चौकट विसरून चालणार नाही. सभासदांची नोंदवही, पगारी कर्मचारी, गावोगावची कार्यालये व परस्परविश्वास हे सर्व संगणक येण्याच्या कितीतरी आधी तयार होते. संगणकाने त्या व्यवस्थेला गती दिली. त्याने ती निर्माण केली नाही.

मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि परतूर तालुका परभणीतून त्यात आला. अंकुशनगरचा समर्थ कारखाना यासारख्या सहकारी संस्था येथेही उभ्या राहिल्या, जालना शहर बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. तथापि कापूस व कोरडवाहू पिकांवर जगणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना गावागावांत जोडून ठेवणारी वारणेसारखी घट्ट चौकट सर्वत्र नव्हती. अशा ठिकाणी इंटरनेट कोणत्याही सामूहिक संस्थेमार्फत न येता दुकानदाराच्या वैयक्तिक जोखमीवर आले. एक संगणक, एक लाइन आणि ताशी दर. दुकान बंद झाले की गावाची जोडणीही संपली. डायल-अपचे ओझे वारणेत संस्थेने उचलले. मराठवाड्यात ते बहुतांशी ग्राहकाने व छोट्या व्यावसायिकाने उचलले.

या दोन प्रदेशांना जोडणारा आणखी एक धागा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या गाळप हंगामासाठी बीड, जालना आदी जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांचे मोठे स्थलांतर होते. मुकादमाकडून उचल घेऊन, कोयत्याची जोडी करून दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात. वारणेसारख्या माहितीव्यवस्थेच्या केंद्रस्थानी सभासद शेतकरी होता. त्याच्या उसाचे वजन, त्याची तारीख, त्याचे बिल यांची नोंद ती ठेवीत होती. तो ऊस तोडणारा मजूर हा सभासद नव्हता. त्याची उचल, त्याची फिटलेली रक्कम व त्याची बाकी हा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहिला. गावी ठेवलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांशी व शाळकरी मुलांशी त्याचा संपर्क पीसीओवरील चार मिनिटांचा होता. तेव्हा 'जोडलेली गावे' ही संज्ञा वापरताना कोण जोडले गेले व कोण बाहेर राहिले हा प्रश्न विचारणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते. वाहिनीची रुंदी वाढविल्याने या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळत नाही.

हेच स्त्रियांच्या बाबतीतही म्हणता येईल. रात्री उशिरा किंवा पहाटे मिळणारी लाइन आणि बाजारातील सायबर कॅफे या दोन्ही गोष्टी ग्रामीण मुलींच्या वावराच्या मर्यादेबाहेरच्या होत्या. मंद गतीवरील जे मार्ग मुलांना उपलब्ध झाले ते त्यांच्या बहिणींना त्याच प्रमाणात उपलब्ध झाले नाहीत.

७. डायल-अपनंतरचा काळ :

ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा किमान वेग निश्चित केला. पुढे ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर व २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. तथापि तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडचा वेग टेलिफोन केंद्रापासूनच्या अंतरासोबत घटत असल्याने खेड्यांना त्याचा लाभ उशिरा व अपुरा मिळाला. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व तीच पुढे 'भारतनेट' नावाने ओळखली गेली. २०१६ नंतर स्वस्त ४-जी सेवेमुळे ग्रामीण भागाने डायल-अप व तारेवरील ब्रॉडबँड हे दोन्ही टप्पे मागे टाकले. जागतिक पातळीवर अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा सप्टेंबर २०२५ अखेर बंद केली.

वेग वाढला तरी मध्यस्थ व रांग संपली नाही. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज ऑनलाइन भरणे आवश्यक करण्यात आले. तेव्हा आपले सरकार सेवा केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या, संथ जोडणी व बंद पडणारी यंत्रणा यांच्या तक्रारी झाल्या आणि अर्जाची मुदत वाढवावी लागली. २०२० च्या महामारीत वर्ग ऑनलाइन झाल्यावर भ्रमणध्वनीच्या लहरी मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांना उंच जागा शोधाव्या लागल्या. डायल-अपच्या काळात इंटरनेट नसले तरी काम अन्य मार्गाने होत असे, कारण कागदी अर्जाचा पर्याय शिल्लक होता. पर्याय काढून घेतल्यानंतर मंद जोडणीचा अर्थच बदलला. पूर्वी ती गैरसोय होती. आता ती हक्कापासून वंचित राहण्याचे कारण बनली.

निष्कर्ष :

१) ग्रामीण डायल-अपची मंद गती हा केवळ तंत्रज्ञानाचा दोष नव्हता. आवाजासाठी उभारलेल्या तारा, शहरकेंद्रित प्रवेशबिंदू, दररचना व वीजपुरवठा यांचा तो एकत्रित परिणाम होता.

२) ग्रामीण समाजाने काम एकत्र करून पाठविणे, माहिती साठवून ठेवणे, मध्यस्थाची मदत घेणे व माहिती हातोहात वाहून नेणे या मार्गांनी मंद गतीशी जुळवून घेतले. तार, ट्रंक कॉल व पीसीओ यांच्या वापरातून हे मार्ग त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

३) मराठीतून व्यवहार करणाऱ्यांना लिपीमुळे या मंद गतीची अधिक किंमत मोजावी लागली.

४) वारणेच्या अनुभवावरून वेगापेक्षा भरवसा, गरजेशी सुसंगतता व संस्थात्मक पाठबळ हे घटक अधिक निर्णायक ठरल्याचे दिसते. मात्र त्या व्यवस्थेच्या सभासदत्वाबाहेरील ऊसतोड मजूर तिच्या लाभापासून दूरच राहिला.

५) अनिवार्य ऑनलाइन सेवा आखताना सर्वात मंद जोडणी असलेल्या नागरिकाला केंद्रस्थानी ठेवणे व कागदी पर्याय चालू ठेवणे आवश्यक आहे, असा धडा या इतिहासातून मिळतो.

शेवटी साधनांविषयी एक सूचना करणे उचित होईल. सायबर कॅफेच्या नोंदवह्या, पीसीओची बिले, प्रशिक्षण केंद्रांची हजेरीपत्रके व जुन्या फ्लॉपी या सर्व गोष्टी आज रद्दीत जात आहेत. मोडी कागदपत्रांची निगा राखण्याचे महत्त्व आपल्याला उशिरा कळले. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील ही साधने व ती वापरणाऱ्या माणसांच्या आठवणी वेळीच संकलित केल्या, तर वाटूरसारख्या गावांचा अलीकडचा इतिहास शहरांच्या इतिहासाची तळटीप होऊन राहणार नाही.